फिजिशियन असिस्टंटांची पुनर्प्रमाणन परीक्षा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत फिजिशियन असिस्टंट म्हणून काम करणाऱ्या किंवा त्या शिक्षणाकडे वळणाऱ्या मराठी मुलामुलींची संख्या गेल्या काही वर्षांत वाढताना दिसते. त्यांच्याकडून आणि त्यांच्या आईवडिलांकडून माझ्याकडे सतत येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. मी स्वतः याच व्यवसायात आहे, अस्थिरोग विभागात काम करते आणि पुनर्प्रमाणनाची, म्हणजे प्रमाणपत्र टिकवण्यासाठी ठरावीक काळाने पुन्हा द्यावी लागणारी, परीक्षा देऊन आलेली आहे. ही परीक्षा असावी का आणि कशी असावी, यावर आमच्या व्यवसायात वाद आहे. त्या वादात माझे स्वतःचे मत आहे आणि जेथे ते येते तेथे मी ते मत म्हणूनच मांडले आहे.

फिजिशियन असिस्टंट म्हणजे नेमके कोण?

मराठीत ‘पीए’ म्हटले की साहेबांचा स्वीय सहायक डोळ्यांसमोर येतो, म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट करणे बरे. फिजिशियन असिस्टंट हा रुग्ण तपासणारा, निदान करणारा, औषधे लिहून देणारा आणि शस्त्रक्रियेत साहाय्य करणारा प्रशिक्षित व्यावसायिक असतो. तो डॉक्टरांच्या सोबतीने काम करतो. किती स्वायत्ततेने, हे त्या त्या राज्याच्या कायद्यावर ठरते. या व्यवसायाचा पाया ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी घातला. १९६५ साली त्यांनी नौदलात वैद्यकीय सेवा बजावलेल्या चार जणांची पहिली तुकडी घेतली आणि त्यांतील तिघे १९६७ साली पदवीधर झाले. आज प्रमाणित फिजिशियन असिस्टंटांची संख्या पावणेदोन लाखांच्या पुढे गेली आहे. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे अमेरिकन अकॅडमी ऑफ फिजिशियन असिस्टंट्सने, २०२१ साली ‘फिजिशियन असोसिएट’ हे नवे नाव स्वीकारले, मात्र अनेक राज्यांच्या कायद्यांत आणि रोजच्या बोलण्यात जुनेच नाव टिकून आहे.

प्रमाणपत्र आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

होय, आणि या वादातला निम्मा गोंधळ हा फरक न कळल्यामुळे होतो. परवाना राज्य सरकारचे मंडळ देते आणि त्यावाचून रुग्णाला हातही लावता येत नाही. प्रमाणपत्र मात्र नॅशनल कमिशन ऑन सर्टिफिकेशन ऑफ फिजिशियन असिस्टंट्स, म्हणजेच एनसीसीपीए, ही खासगी, ना-नफा संस्था देते. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर तिची ३०० प्रश्नांची ‘पॅन्स’ ही पहिली परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते आणि पहिला परवाना मिळवण्यासाठी ही अट सर्व राज्यांत आहे. त्यापुढे राज्यांचे मार्ग वेगळे होतात. काही राज्ये परवान्याच्या प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी चालू प्रमाणपत्र मागतात, तर इतर अनेक राज्यांत एकदा उत्तीर्ण झालात की पुढे प्रमाणपत्र टिकवणे कायद्याने सक्तीचे नसते.

कायदा गप्प असला तरी रुग्णालये गप्प नसतात, हेही लक्षात ठेवावे. नोकरी देणारे, रुग्णालयात काम करण्याचे अधिकार ठरवणाऱ्या समित्या आणि विमा कंपन्या चालू प्रमाणपत्राचा आग्रह धरतात, त्यामुळे ज्या राज्यात ते ‘ऐच्छिक’ आहे तेथेही प्रत्यक्षात ते सोडून देणे फार थोड्यांना परवडते.

प्रमाणपत्र टिकवण्यासाठी आज काय करावे लागते?

दर दोन वर्षांनी निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे १०० क्रेडिट नोंदवावे लागतात आणि त्यांतील किमान ५० पहिल्या श्रेणीचे, म्हणजे मान्यताप्राप्त कार्यक्रमांतून मिळवलेले, असावे लागतात. याशिवाय दहा वर्षांच्या चक्रात एकदा पुनर्प्रमाणनाची परीक्षा द्यावी लागते. पूर्वी हे चक्र सहा वर्षांचे होते. २०१४ पासून ते टप्प्याटप्प्याने दहा वर्षांचे झाले.

परीक्षेचे आता दोन मार्ग आहेत. पहिला ‘पॅनरी’, म्हणजे परीक्षा केंद्रात एका दिवसात सोडवायचे २४० प्रश्न, प्रत्येकी ६० प्रश्नांच्या चार तासिकांमध्ये. दुसरा ‘पॅनरी-एलए’, जो जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. यात चक्राच्या सातव्या वर्षापासून दर तिमाहीला २५ प्रश्न आपल्या संगणकावर किंवा फोनवर सोडवायचे असतात. एकूण बारा तिमाह्या उपलब्ध असतात आणि त्यांतल्या सर्वोत्तम आठ धरल्या जातात. आठ तिमाह्यांनंतरच उत्तीर्णतेची पातळी गाठली असेल तर तेथेच थांबता येते.

मग वाद नेमका कशावर आहे?

सतत शिकत राहावे, याबद्दल दोन्ही बाजूंत मतभेद नाही. वाद तीन प्रश्नांवर आहे: शिकत राहिल्याचा पुरावा म्हणून परीक्षाच का हवी, त्या परीक्षेत काय विचारावे, आणि ती नापास झाल्यास एखाद्याची उपजीविका धोक्यात यावी का.

परीक्षेच्या बाजूने बोलणारे म्हणतात की व्याख्यानाला बसून मिळवलेले क्रेडिट म्हणजे हजेरीचा दाखला असतो, ज्ञानाचा नव्हे. सभागृहाच्या मागच्या रांगेत ईमेल वाचत बसलेल्यालाही पुढच्या रांगेत टिपणे काढणाऱ्याइतकेच क्रेडिट मिळतात, हे कोणीही प्रामाणिकपणे नाकारू शकणार नाही. विरोधक म्हणतात की दहा वर्षांतल्या एका दिवसाने उरलेल्या साडेतीन हजार दिवसांबद्दल काही कळत नाही, आणि रोज डॉक्टरांच्या नजरेखाली काम करणाऱ्या माणसाची पारख त्याच्या कामावरून अधिक चांगली होते. मला स्वतःला दोन्ही म्हणणी खरी वाटतात, आणि म्हणूनच ‘परीक्षा हवी की नको’ एवढ्यावर हा विषय संपवणे मला पटत नाही.

२०१५ नंतर हा वाद इतका का पेटला?

नोव्हेंबर २०१५ मध्ये एनसीसीपीएने पुनर्प्रमाणनाचा नवा आराखडा चर्चेसाठी मांडला. त्यात मूलभूत वैद्यकीय ज्ञानासाठी दहा वर्षांच्या काळात अधूनमधून घरून द्यायच्या परीक्षा होत्या, आणि त्यांच्या जोडीला चक्राच्या शेवटी आपापल्या विशेष शाखेची, परीक्षा केंद्रात द्यायची वेगळी परीक्षा होती. व्यवसायात खळबळ उडाली ती या दुसऱ्या भागामुळे.

त्यामागचे कारण समजून घेण्यासाठी या व्यवसायाची घडण पाहावी लागते. डॉक्टर एकदा हृदयरोगतज्ज्ञ झाला की सहसा जन्मभर हृदयरोगतज्ज्ञ राहतो. फिजिशियन असिस्टंटचे शिक्षण मात्र सर्वसाधारण वैद्यकाचे असते आणि आज आपत्कालीन विभागात असलेली व्यक्ती तीन वर्षांनी त्वचारोग विभागात, आणखी पाच वर्षांनी एखाद्या छोट्या गावातल्या दवाखान्यात काम करू शकते. ही मोकळीक या व्यवसायाचा प्राण आहे. खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांना माणसे मिळतात तीही काही अंशी हिच्यामुळेच. विशेष शाखेची परीक्षा सक्तीची झाली असती तर प्रमाणपत्रावर शाखेचे नाव चिकटले असते, रुग्णालयांनी आणि विमा कंपन्यांनी ते नाव पाहूनच कामावर घेण्यास सुरुवात केली असती, आणि शाखा बदलणे हळूहळू अशक्य झाले असते. अकॅडमीने हाच धोका पुढे ठेवून २०१६ मध्ये उघड विरोध केला. प्रकरण इतके ताणले गेले की एनसीसीपीएला पर्याय म्हणून दुसरी प्रमाणन संस्था उभारण्याची चर्चाही अकॅडमीत झाली. अखेर २०१७ च्या सुरुवातीला विशेष शाखेच्या सक्तीच्या परीक्षेचा प्रस्ताव मागे घेण्यात आला आणि पुनर्प्रमाणन परीक्षेचा भर मूलभूत वैद्यकीय ज्ञानावर ठेवण्याचे ठरले.

ज्यांना आपले विशेष प्रावीण्य सिद्ध करावेसे वाटते त्यांच्यासाठी २०११ पासून वेगळी अतिरिक्त प्रमाणपत्रे उपलब्ध आहेत. सुरुवात पाच शाखांपासून झाली, त्यांत अस्थिशल्यचिकित्सा, आपत्कालीन वैद्यक आणि मनोविकारशास्त्र होते. ती पूर्णपणे ऐच्छिक आहेत आणि तशीच राहावीत.

परीक्षेमुळे रुग्णांचे भले होते, याचा पुरावा आहे का?

फिजिशियन असिस्टंटांच्या पुनर्प्रमाणन परीक्षेमुळे रुग्णांची प्रकृती सुधारते, असे ठामपणे सांगता येईल असा थेट पुरावा पुढे आलेला नाही, आणि परीक्षेच्या समर्थकांनी हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. जवळचा पुरावा डॉक्टरांबद्दल आहे. अमेरिकन बोर्ड ऑफ इंटर्नल मेडिसिनने, म्हणजे अंतर्गत वैद्यकातील डॉक्टरांना प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाने, १९९० पासून आजीवन प्रमाणपत्रे देणे थांबवून दहा वर्षांच्या मुदतीची प्रमाणपत्रे देणे सुरू केले, त्यामुळे एकाच पिढीतले डॉक्टर आपोआप दोन गटांत विभागले गेले: जुन्या नियमामुळे परीक्षेतून सुटलेले आणि परीक्षा द्यावी लागलेले. डिसेंबर २०१४ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात या गटांची तुलना करणारे दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील डॉक्टरांवर केलेल्या एका अभ्यासात प्राथमिक उपचारांच्या दहा निकषांवर दोन गटांत फरक आढळला नाही. दुसऱ्या अभ्यासात, दवाखान्यातच योग्य उपचार मिळाल्यास टाळता येण्यासारख्या रुग्णालय-भरतीच्या प्रमाणात फरक नव्हता. उपचारांच्या खर्चाची वाढ मात्र परीक्षा द्याव्या लागणाऱ्या गटात सुमारे अडीच टक्क्यांनी कमी होती.

यातून परीक्षा निरुपयोगी ठरते असे मी म्हणणार नाही, कारण ज्या परीक्षेचा हा अभ्यास होता ती दहा वर्षांतून एकदा येणारी, चुकलेल्या उत्तरांबद्दल काहीही न शिकवणारी परीक्षा होती. अशा परीक्षेने काही बदलले नाही, एवढेच त्यातून कळते.

वीस वर्षांचा अनुभव पुरेसा नाही का?

हा प्रश्न विचारताना माणसे बहुतेक वेळा दुखावलेली असतात आणि ते स्वाभाविक आहे. तरीही उत्तर अप्रिय आहे. हार्वर्डमधील संशोधकांनी २००५ साली ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये डॉक्टरांच्या अनुभवाची वर्षे आणि उपचारांचा दर्जा यांच्या संबंधाचे ६२ अभ्यास एकत्र तपासले. निम्म्याहून अधिक अभ्यासांत असे दिसले की वर्षे वाढत गेली तसे मोजलेल्या सर्व निकषांवर काम उतरत गेले. अनुभवाने हात सराईत होतो, रोग्याचा चेहरा वाचता येतो, घाई कोठे करावी आणि कोठे करू नये हे कळते. पण शिक्षण संपल्यानंतर बदललेली औषधे आणि मार्गदर्शक सूचना अनुभवातून आपोआप येत नाहीत, कारण आपले काय चुकते आहे हे सांगणारे त्या अनुभवात कोणी नसते.

मी फक्त अस्थिरोगात काम करते. मला मधुमेह, गर्भारपण आणि लहान मुलांचे ताप यांवरचे प्रश्न का?

मीही हेच विचारत असे. बारा वर्षे मोडलेली मनगटे आणि झिजलेले गुडघे पाहिल्यावर अभ्यासाला बसले तेव्हा उच्च रक्तदाबाच्या औषधांची निवड मला नव्याने शिकावी लागली, आणि पहिल्या आठवड्यात मला त्याचा रागच आला होता. परंतु गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला येणारा रुग्ण केवळ गुडघा घेऊन येत नाही. त्याला मधुमेह असतो, तो रक्त पातळ करणारी गोळी घेत असतो, शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या रात्री त्याला धाप लागते, आणि त्या वेळी वॉर्डात पहिली पोचणारी मीच असते.

दुसरे कारण अधिक तत्त्वाचे आहे. शाखा बदलण्याची मोकळीक आपल्याला हवी असेल, तर तिचा आधार असलेले सर्वसाधारण ज्ञान आपल्याकडे टिकून आहे हे दाखवण्याची तयारीही हवी. विशेष शाखेची परीक्षाही नको आणि सर्वसाधारण परीक्षाही नको, ही भूमिका मला स्वतःला पेलवत नाही. मात्र सर्वसाधारण परीक्षेतील प्रश्न कोणत्याही शाखेतल्या माणसाला ठाऊक असावेत असेच असले पाहिजेत. क्वचित आढळणाऱ्या आजारांची नावे पाठ आहेत का, हे तपासण्याची ती जागा नव्हे.

पुस्तक उघडून, घरी बसून दिलेल्या परीक्षेला परीक्षा म्हणायचे का?

पॅनरी-एलएमध्ये प्रत्येक प्रश्नाला पाच मिनिटे मिळतात आणि संदर्भ पाहण्याची मुभा असते. दुसऱ्या माणसाची मदत घेण्याची मुभा नसते. उत्तर दिल्याबरोबर ते बरोबर की चूक हे समजते आणि योग्य उत्तर कोणते व का याचे स्पष्टीकरण संदर्भांसह समोर येते.

ही सवलत पाहून काही ज्येष्ठ सहकारी नाक मुरडतात. मला विचाराल तर इतक्या वर्षांच्या वादातून निघालेली सर्वांत चांगली गोष्ट हीच आहे. दवाखान्यात औषधाची मात्रा आठवली नाही तर आपण ती शोधतोच, आणि पाच मिनिटांत विश्वसनीय ठिकाणी ती शोधता येणे हे आजच्या वैद्यकातले आवश्यक कौशल्य आहे. शिवाय ज्याला विषयाचा गंध नाही त्याला पाच मिनिटांत काय शोधावे हेही सुचत नाही. स्मरणशक्तीच्या अभ्यासातूनही या पद्धतीला बळ मिळते. २००६ साली सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला, मग काहींना तो पुन्हा वाचू दिला आणि काहींना आठवेल तेवढा लिहायला लावला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. प्रश्नाला भिडून, चुकून, लगेच दुरुस्त होऊन आणि काही महिन्यांनी पुन्हा प्रश्नांना सामोरे जाऊन जे शिकले जाते ते टिकते. एकदिवसीय परीक्षेच्या निकालपत्रावर गुण असतात, पण कोणता प्रश्न का चुकला हे कधीच कळत नाही, आणि शिकण्याची खरी संधी तर तेथेच असते.

या पद्धतीचा प्रायोगिक टप्पा २०१९ आणि २०२० मध्ये झाला आणि त्यात १८,००० हून अधिक जण सहभागी झाले. करोनाच्या पहिल्या वर्षात परीक्षा केंद्रे बंद असताना या लोकांचे प्रश्न घरबसल्या चालू राहिले.

परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा यात आर्थिक हितसंबंध नाही का?

आहे, आणि तो दडवून चर्चा करण्यात अर्थ नाही. पुनर्प्रमाणन परीक्षेचे शुल्क ३५० डॉलर आहे, क्रेडिट नोंदवण्याचे शुल्क दर दोन वर्षांनी वेगळे, आणि देशात या प्रमाणपत्रासाठी दुसरी संस्था नाही. एकाच दुकानातून घ्यावी लागणारी वस्तू किती हवी हे दुकानदारानेच ठरवायचे, अशी ही रचना आहे. त्यामुळेच राज्याच्या कायद्यात परवान्याच्या नूतनीकरणाला प्रमाणपत्राची अट जोडण्यास माझा विरोध आहे. सरकारने खासगी संस्थेच्या शुल्काला कायद्याचे बळ देऊ नये. पहिल्या परवान्यासाठी परीक्षा हवी, कारण तेथे त्या व्यक्तीची दुसरी कोणतीही पारख उपलब्ध नसते. पुढच्या काळात कामाची नोंद, तक्रारी, सहकाऱ्यांचे मत असे बरेच काही परवाना मंडळासमोर असते. संस्थेनेही जमाखर्च आणि उत्तीर्णतेची पातळी ठरवण्याची रीत सामान्य सदस्याला समजेल अशा भाषेत मांडावी.

डॉक्टरांना आणि नर्स प्रॅक्टिशनरना अशी परीक्षा असते का?

नर्स प्रॅक्टिशनरना, म्हणजे पुढचे शिक्षण घेऊन स्वतः रुग्ण तपासणाऱ्या आणि औषधे लिहून देणाऱ्या परिचारिकांना, पाच वर्षांनी प्रमाणपत्राचे नूतनीकरण करताना ठरावीक तास प्रत्यक्ष काम आणि निरंतर शिक्षण दाखवता आले तर परीक्षा द्यावी लागत नाही. एकाच दवाखान्यात, शेजारच्या खोलीत तेच काम करणाऱ्या व्यक्तीला नसलेली अट आपल्याला का, हा फिजिशियन असिस्टंटांचा सल रास्त आहे.

डॉक्टरांमध्ये हाच वाद अधिक तीव्रतेने झाला. इंटर्नल मेडिसिनच्या मंडळाने २०१४ मध्ये अटी वाढवल्या, डॉक्टर संतापले, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये मंडळाचे अध्यक्ष रिचर्ड बॅरन यांनी आपले चुकल्याचे जाहीरपणे मान्य केले. त्याच सुमारास हृदयरोगतज्ज्ञ पॉल टिअरस्टीन यांच्या पुढाकाराने पुन्हा परीक्षा न घेणारे पर्यायी मंडळ स्थापन झाले. भूलतज्ज्ञांच्या मंडळाने तर २०१६ मध्ये दहा वर्षांची परीक्षाच बाजूला ठेवून दर तिमाहीला थोडे थोडे प्रश्न पाठवण्यास सुरुवात केली होती. इतर अनेक मंडळे आता त्याच वाटेने गेली आहेत.

दोन मार्गांपैकी कोणता निवडावा?

नियमितपणे थोडे थोडे करण्याची सवय असेल तर पॅनरी-एलए निवडा. वर्षानुवर्षे डोक्यावर टांगती तलवार नको, महिनाभर रजा घेऊन एकदाच सोक्षमोक्ष लावायचा, असा स्वभाव असेल तर पॅनरी. एक सूचना मात्र आवर्जून करते. पॅनरी-एलएसाठी सहाव्या वर्षीच नोंदणी करावी लागते. बाळंतपण, स्थलांतर किंवा भारतातल्या आईवडिलांचे आजारपण यांत ती मुदत सहज निसटते, म्हणून ती तारीख आजच लिहून ठेवा.

नापास झाले तर?

पॅनरी-एलएमध्ये पातळी गाठता आली नाही तरी दहाव्या वर्षी पॅनरी देण्याची संधी उरते. बहुसंख्य उमेदवार उत्तीर्ण होतात. प्रमाणपत्राची मुदतच संपली, तर नावापुढे ‘पीए-सी’, म्हणजे प्रमाणित फिजिशियन असिस्टंट, असे लावता येत नाही. परवान्यावर होणारा परिणाम राज्यानुसार वेगळा असतो, त्यामुळे आपल्या राज्याच्या मंडळाचा नियम मुदत संपण्याच्या आधी वाचावा.

भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, याला समांतर काय आहे?

भारतात या व्यवसायाचे शिक्षण १९९० च्या दशकात चेन्नईत सुरू झाले. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने फिजिशियन असोसिएटांना प्रथमच वैधानिक ओळख दिली. भारतात पदवी घेतलेल्यांनी हे मात्र लक्षात घ्यावे की अमेरिकेतील पॅन्स परीक्षेला बसण्यासाठी तेथील मान्यताप्राप्त अभ्यासक्रमच पूर्ण करावा लागतो.

डॉक्टरांच्या बाबतीत महाराष्ट्र वैद्यकीय परिषद दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करते आणि त्यासाठी ३० क्रेडिट मागते. परीक्षा नसते. ते क्रेडिट वैद्यकीय संमेलनांना आणि व्याख्यानांना हजर राहून मिळतात, म्हणजे अमेरिकेत ज्या उणिवेवरून वाद सुरू झाला तीच उणीव येथेही आहे. राष्ट्रीय आयोगाचे नियम अजून आकार घेत आहेत. फिजिशियन असोसिएटांच्या नोंदणीचे नूतनीकरण कसे करावे हे ठरवताना, दहा वर्षांतून एकदा येणारी धास्तीची परीक्षा आणि नुसती हजेरी, या दोन्ही चुका टाळून तिमाहीला फोनवर येणाऱ्या पंचवीस प्रश्नांपासून सुरुवात करणे शक्य आहे. ते प्रश्न मराठीतही असावेत, कारण गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या रुग्णालयात रुग्ण आपले दुखणे इंग्रजीत सांगत नाही.